ओला गिलावा

वाचनासाठी : लेवीय १४:३३-४८; यहेज्केल १३:१०-१६



पेडणे तालुक्यातील आमच्या लहानशा मंडळीने प्रार्थनागृहाच्या छताला नवा गिलावा करण्याचे ठरविले. स्लॅबला टाचे मारून घेतले, म्हणजे गिलावा धरून राहील. तो झाल्यावर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. पुढच्याच रविवारी उपकारस्तुतीची उपासना होती. डिचोलीहून आलेला वयस्क रंगारी वर पाहून म्हणाला, "मास्तर, वरून सुका दिसतो, पण पोटात पाणी आहे. पाऊस अजून सरला नाही. महिनाभर तरी थांबा." आम्ही म्हणालो, "रविवारच्या आत रंग झालाच पाहिजे." पाहुणे येणार होते ना!

रंग झाला. छत दुधासारखे दिसू लागले. पण सिमेंटच्या ओल्या गिलाव्यात पाण्याबरोबर क्षारही असतात. पाणी बाहेर पडू पाहते आणि वरचा रंग त्याची वाट अडवितो. नाताळापूर्वीच फोड आले, क्षारांची पांढरी पूड दिसू लागली, आणि भर उपासनेत गीतपुस्तकांवर पोपडे पडले.

एवढेच असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. त्याच रविवारी आम्ही आणखी एक रंगकाम केले होते. मंडळीतील दोघे सख्खे भाऊ काजूच्या बागेच्या बांधावरून दोन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. आम्ही त्यांना सर्वांसमोर पुढे बोलाविले, हात मिळवायला लावले आणि प्रार्थना केली. मंडळीचे डोळे पाणावले. नाताळात धाकटा भाऊ आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मास्तर, माझे काय दुखते, हे तुम्ही एकदाही विचारले नाही."

त्या रात्री आम्ही लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय उघडला. घराच्या भिंतीवर चट्टा दिसला, तर याजकाने काय करावे, हे तेथे सांगितले आहे. तो प्रथम पाहतो. मग घर सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल, तर दगड काढवितो, भिंती खरवडवितो, नवा गिलावा करवितो. आणि त्यानंतरही परत येऊन पाहतो. मगच घर शुद्ध ठरते. आम्ही मात्र पाहिले नाही, थांबलो नाही, परत गेलो नाही. लोकांनी उभारलेल्या कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्या ज्या संदेष्ट्यांना यहेज्केल दोष देतो, त्यांच्यात त्या रविवारी आम्हीही उभे होतो. शांती नसताना शांती आहे असे सांगणे, हेच त्यांचे पाप होते.

मग ओला गिलावा वाईट का? नाही. आपल्या गोव्यातील जुन्या भिंतींवरचे कावीकाम पाहा. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर तांबडा लेप देतात आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात. ते चित्र भिंतीचाच भाग होते, म्हणून टिकते. दुखावलेले मनही तसेच ओले असते. त्याला झाकण्याची घाई करू नये. त्यावर कोरण्याचे काम प्रभूच्या हाताचे आहे.

छताचा रंग आम्ही खरवडून काढला. क्षार कोरड्या ब्रशाने झाडले. फेब्रुवारीपर्यंत थांबलो. प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून एक दिवस छताला लावून ठेवला. त्याच्या आत दव धरले नाही, तेव्हाच प्रायमर लावला आणि त्यावर रंगाचे दोन हात दिले. त्याच काळात दोघा भावांकडे वेगवेगळे जाऊन बसू लागलो, आणि पहिल्या दिवशी त्या दोघांची क्षमा मागितली. बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते एका बाकावर बसत नाहीत, पण एका छताखाली बसतात. छत सुकले आहे. तेथे अजून ओल आहे, आणि आम्ही पुन्हा पाहायला जात आहोत.

वाचकहो, आपल्या घरात, आपल्या मंडळीत असा घाईचा रंग कोठे लागला आहे काय? एखाद्याने "झाले गेले विसरलो" म्हणावे, म्हणून आपण त्याला भाग पाडले आहे काय? या आठवड्यात त्याच्याकडे जा आणि विचारा, काय दुखते? मग गप्प बसून ऐका.

हे प्रभो, आमची घाई क्षमा कर. थांबण्याचे व परत जाण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.