काळजी घ्यावी, काळजी करू नये



जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपल्या कोल्हापुरात सगळ्यांना बरे वाटते. शेतकरी पेरणीला लागतो, मुले भिजायला बाहेर धावतात. पण जुलै उजाडला की सकाळचा पहिला प्रश्न बदलतो. "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?" ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. हे आकडे आपल्या मुलांनासुद्धा पाठ आहेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठच्या घरांत रात्रभर दिवे जळत राहतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनी आपल्याला ही भीती शिकवली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्यासाठी मात्र आपण घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होतो.

पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण एका घरी चिखल काढायला गेलो होतो. भिंतीवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ उमटली होती. घरच्या बाईंनी आम्हांला विचारले, "आम्ही रोज संध्याकाळी रोझरी म्हणत होतो. मग पाणी आमच्या घरात का आले?" त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते, हातात फक्त खराटा होता. तो प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. पुराच्या जागी कुणी कर्ज म्हणेल, कुणी मुलाची नोकरी, कुणी डॉक्टरांचा रिपोर्ट. प्रश्न एकच आहे. प्रार्थना करूनही भीती खरी ठरणार असेल, तर देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय?

आपल्या मराठीत एक सुंदर भेद आहे. आपण काळजी 'घेतो' आणि काळजी 'करतो'. आई तापलेल्या लेकराची काळजी घेते, म्हणजे कपाळावर पट्टी ठेवते, औषध देते. तीच आई रात्रभर नको ते विचार करीत बसली, तर ती काळजी करते. घेतलेली काळजी लेकरापर्यंत पोचते. केलेली काळजी आपल्यालाच आतून जाळते. चितेपेक्षा चिंता वाईट असे आपले वाडवडील उगाच म्हणत नसत. चिता मेलेल्याला जाळते, चिंता जिवंत माणसाला.

प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात काळजी करू नका असे सांगितले, काळजी घेऊ नका असे सांगितले नाही. त्याने आकाशातल्या पाखरांचा दाखला दिला. पण पाखरू घरट्यात चोच उघडून बसून राहत नाही, पहाटेच चाऱ्यासाठी बाहेर पडते. काळजी करून कुणालाही आपले आयुष्य थोडेसेही वाढवता येत नाही, असे प्रभू म्हणाला. आपण कोल्हापूरकर त्यात एवढेच जोडू की, रात्रभर जागून पंचगंगेचे पाणी एक इंचही उतरत नाही. पण वेळेवर कागदपत्रे पिशवीत बांधता येतात, शेजारच्या म्हाताऱ्या आजीला आधीच सुरक्षित जागी नेता येते. आता चिखली आणि आंबेवाडीची माणसे पाणी गावात शिरण्यापूर्वीच जनावरे घेऊन बाहेर पडतात. हा अविश्वास नव्हे. देवाने दिलेल्या बुद्धीचा तो मान आहे.

मग प्रार्थना कशासाठी? शुभवर्तमानातले दोन प्रसंग आठवू या. पहिला गालील सरोवरातल्या वादळाचा. शिष्यांपैकी कित्येक जण जन्माचे कोळी होते, पाण्याची त्यांना सवय होती, तरी ते घाबरले. प्रभू झोपला होता. त्यांनी त्याला गदागदा हलवून, जवळजवळ भांडूनच, उठवले. आम्ही बुडतो आहोत, तुला काहीच वाटत नाही का, असा त्यांचा सूर होता. प्रभूने त्यांच्या कमी विश्वासाबद्दल त्यांना विचारले खरे, पण त्यांची हाक आधी ऐकली. म्हणजे भीतीने मारलेली हाकसुद्धा प्रार्थनाच आहे. धीट होऊन मग देवाकडे जाऊ, असे म्हणत थांबण्याची गरज नाही.

दुसरा प्रसंग गेथसेमानी बागेतला. तेथे स्वतः प्रभू घाबरा झाला, दुःखाने व्याकूळ झाला. हा प्याला दूर व्हावा अशी त्याने पित्याला विनवणी केली, तीही पुन्हा पुन्हा. प्याला दूर झाला नाही. त्या बाईंच्या घरात पाणी आले, तसाच क्रूस प्रभूच्या वाट्याला आला. पण प्रार्थनेआधी जमिनीवर पालथा पडलेला येशू प्रार्थनेनंतर उठला, झोपलेल्या मित्रांना त्याने उठवले आणि तो स्वतःहून पुढे चालू लागला. परिस्थिती तीच राहिली, पण तिला सामोरे जाण्याचे बळ त्याला मिळाले. तेव्हा आपला भरवसा पाणी येणार नाही यावर नसतो. पाणी आले तरी पिता आपला हात सोडणार नाही, यावर तो असतो. त्या बाईंना हे उत्तर पुरेसे वाटेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण ज्याने स्वतः हा प्रश्न भोगला, त्याच्याकडून ते आले आहे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण आजची भाकर मागतो, वर्षभराची नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला, तेव्हा त्यात किडे पडले. धैर्याचेही तसेच आहे. उद्याच्या दुःखासाठी लागणारे बळ देव आज देत नाही, ते उद्या देतो. म्हणून उद्याचे ओझे आज उचलायला गेलो की आपण वाकतो. आणि त्या प्रार्थनेत 'माझी' भाकर नाही, 'आमची' आहे. पुराच्या दिवसांत शाळा आणि मंगल कार्यालये उघडली गेली, अनोळखी हातांनी भाकरी बांधून दिली. ज्याने ती खाल्ली, त्याच्या प्रार्थनेला देवाने माणसांच्या हातूनच उत्तर दिले. मिस्सामध्ये हीच प्रार्थना म्हणून झाल्यावर धर्मगुरू आपल्या सर्वांच्या वतीने क्लेशांपासून मुक्तता मागतात. आपली भीती अशी दर रविवारी वेदीवर ठेवली जाते. ती एकट्याने वाहायची नसते.

या आठवड्यात आपण तीन साध्या गोष्टी करू या. रात्रीच्या प्रार्थनेत आपली भीती नाव घेऊन देवाला सांगू या, कारण नाव घेतले की ती थोडी लहान होते. मग स्वतःला विचारू या की यातले माझ्या हाती काय आहे. तेवढे काम सकाळी करू या आणि उरलेले पित्यावर सोपवू या. तिसरी गोष्ट, आपल्यापेक्षा अधिक घाबरलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडे जाऊन बसू या. आणि कुणाची झोप महिनोन् महिने उडाली असेल, छातीत सतत धडधडत असेल, तर डॉक्टरांकडेही जावे. त्यात विश्वास कमी पडला असे मुळीच नाही. तीही काळजी घेणेच होय.

हे प्रभू, आमच्या घरांवर आणि नदीवर तुझी नजर असू दे. जे आमच्या हाती आहे ते करण्याची आम्हांला बुद्धी दे, जे आमच्या हाती नाही ते तुझ्या हाती सोडण्याची शांती दे. आणि पाणी चढलेच, तर आम्हांला एकमेकांचा हात धरून ठेवण्याचे बळ दे. आमेन.