पान गेलं तरी कंद जपावा

 

चवथीच्या माटोळीला केळ्यांचा घड, पूजेला केळीचं पान, जेवायलाही तेच. पेडणे-डिचोलीच्या कुळागरांत केळ थंडीपासून जपावी लागते, हे आपल्या ध्यानीमनी नसतं. आपली थंडी म्हणजे पारा २० अंशांच्या आसपास. तो १४ अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ जवळजवळ थांबते. जळगाव-रावेरचे शेतकरी थंडीच्या लाटेत रात्री बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करतात, रात्रीचं पाणी देतात. इंग्लंडात तर दहिवराने पानं काळी पडतात. तिथले बागवाले ती छाटतात, उरलेला खांब वाळल्या गवतात गुंडाळतात, वरून पाऊस शिरू नये म्हणून झाकण घालतात आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर देतात.

एवढं पुरतं, कारण केळीचा खांब हे लाकूड नव्हेच. ते एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. जीव असतो खाली, कंदात. तो वाचला की वसंतात पुन्हा कोंब येतो.

मग प्रश्न पडतो: कठीण काळात आपण काय जपावं आणि काय जाऊ द्यावं?

आपल्या कितीतरी घरांतली मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेला गेली. चवथीला रजा नसते, म्हणून पूजा शनिवारी होते. माटोळी नाही, नैवेद्य स्टीलच्या ताटात. इथे आपण म्हणतो, "सगळं सोडलं हो त्यांनी!" मुलं म्हणतात, "मनात भाव असला की पुरे."

आम्हां सेवेकरी भगिनींना वाटतं, दोघांचंही अर्धंच खरं. आपण पानालाच कंद समजतो. शिवाय आपली केळ हिरवी आहे त्यात आपलं पुण्य किती आणि इथल्या हवेची ऊब किती, हेही पाहावं. शेजारीपाजारी, देऊळ, भटजी, बाजार, सगळं हाताशी असताना आचार पाळणं सोपं. थंडीत उभ्या असलेल्याला आपण दोष कसा द्यावा?

पण मुलांनीही एक ओळखावं. कंदाला अन्न पानंच पुरवतात. साठवणीवर तो एक हिवाळा काढील, दरवर्षी पानाशिवाय नाही जगायचा. नुसता भावही आचाराशिवाय असाच सुकतो. म्हणून जमेल तेव्हा, जमेल तेवढं एखादं पान फुटू द्यावं.

आणि गुंडाळणी वेळेवर सोडावी लागते, नाहीतर आत ओल धरून खांब कुजतो. सारखं "हे केलंस का, ते केलंस का" विचारणं म्हणजे अशीच न सोडलेली गुंडाळणी.

या आठवड्याचा संकल्प: दूर असलेल्या मुलाला फोन करूया. पूजेची चौकशी नंतर. आधी विचारूया, "बाबा, जेवलास का? कोणाला जेवायला बोलावलंस का?" कंद जिवंत आहे की नाही, ते तिथेच कळेल.

ही सेवा गुरुचरणी अर्पण.