पन्नास पैशांचे कार्ड आणि कोट्यवधींचा तोटा

गावात शाखा डाकघर उघडायचे असेल तर टपाल खाते आधी तोट्याचा हिशेब मांडते. सर्वसाधारण ग्रामीण भागात त्या डाकघराचे अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या किमान एक तृतीयांश असावे, डोंगराळ किंवा आदिवासी भागात 15 टक्के असले तरी चालेल, असा खात्याचा निकष आहे. म्हणजे अक्कलकुव्यातल्या किंवा भामरागडमधल्या एखाद्या पाड्यासाठी पोस्ट मंजूर होते, तेव्हा शंभर खर्चून पंधरा मिळणार हे फायलीवर आधीच लिहिलेले असते. सहीशिक्क्यानिशी मंजूर झालेला हा तोटा. वर्षअखेर देशभरच्या अशा तोट्यांची बेरीज होते आणि ती पाहून सगळ्यांना धक्का बसतो.

2019 साली असा धक्का जोरात बसला होता. 2018-19 चा टपाल खात्याचा महसुली तोटा सुमारे 15,000 कोटी रुपयांवर गेल्याच्या बातम्या आल्या. बीएसएनएल आणि एअर इंडिया यांनाही पोस्टाने मागे टाकले होते. पगार आणि निवृत्तिवेतन मिळून खर्च उत्पन्नाच्या बराच पुढे गेलेला, त्यात सातव्या वेतन आयोगाचा भार. मग नेहमीची चर्चा झाली: ईमेलच्या जमान्यात पत्रे कोण लिहितो, पोस्टमन हवेत कशाला, खासगी कुरिअर बघा कशी नफ्यात चालतात.

या चर्चेत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा तोटा नेमका कुणाच्या वहीत लिहायचा, हे कोण ठरवते? माझ्या मते पोस्टाचे अर्थकारण म्हणून जे सांगितले जाते त्यातला मोठा भाग वहीखात्याचे राजकारण आहे. कामे सरकारची, दर सरकारने ठरवलेले, पगार सरकारच्या आयोगाने ठरवलेले, आणि तोटा मात्र ‘पोस्टाचा’.

याची सुरुवात 1985 ची. तोवर पोस्ट आणि तार हे एकच खाते होते. टेलिफोनच्या कमाईत पत्रांची तूट झाकली जाई. 1 जानेवारी 1985 रोजी टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. वाटणीत एका भावाला बागायत मिळाली आणि दुसऱ्याला जिरायतीसकट म्हातारे आईवडील. पुढे बागायतवाल्याचेही काय झाले ते बीएसएनएलच्या रूपाने आपण पाहतोच आहोत, पण तो वेगळा विषय.

पोस्टकार्डाचे उदाहरण घ्या. दोन दशकांहून अधिक काळ त्याची किंमत पन्नास पैसे राहिली आहे. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चलनात आहे, व्यवहारात ते भिकारीही घेत नाही. 2016-17 मध्ये एका कार्डामागचा खर्च बारा रुपयांच्या आसपास गेल्याचे खात्याच्याच अहवालावरून छापून आले. दर वाढवला तर गरिबाचे कार्ड महागले म्हणून ओरड होईल, या भीतीने कोणताही मंत्री त्याला हात लावत नाही. दुसरीकडे, हे बारा रुपये ही काही कार्डाची स्वतःची किंमत नव्हे. पोस्टमन रोज गावात जातोच, त्याच्या पगाराचा वाटा पिशवीतल्या प्रत्येक वस्तूवर टाकला की कार्डाच्या वाट्याला तेवढे येतात. उद्या कार्डे बंद केली तर तोच वाटा स्पीड पोस्टच्या अंगावर पडेल आणि मग तेही तोट्यात दिसू लागेल.

तोटा वहीत कसा घडवता येतो याचा नमुना पाहायचा तर अमेरिकेकडे बघावे. 2006 साली तिथल्या काँग्रेसने कायदा करून टपाल सेवेवर सक्ती केली की निवृत्त कर्मचाऱ्यांच्या भावी आरोग्यखर्चाची तरतूद आतापासूनच करायची, वर्षाला साधारण साडेपाच अब्ज डॉलर. 2012 मध्ये त्यांचा तोटा 15.9 अब्ज डॉलरवर गेला; त्यातले 11.1 अब्ज याच एका सक्तीचे होते. पत्रे तिथेही घटली होती, हे खरे. पण ‘टपाल सेवा बुडाली’ या मथळ्यामागे संसदेच्या एका कलमाचा हात होता. 2022 मध्ये ते कलम रद्द झाले, थकबाकी माफ झाली, आणि त्या एका वर्षी ताळेबंदात अचानक प्रचंड नफा उमटला. एकाही पोस्टमनने एकही पत्र जास्त वाटले नव्हते.

आपल्याकडे वहीतला खेळ अधिक शांतपणे चालतो आणि त्याचे केंद्र बचत बँक आहे. 1882 पासून चालत आलेली पोस्टाची बचत बँक ही खरे तर अर्थ मंत्रालयाची खिडकी. आवर्ती ठेव, किसान विकास पत्र, सुकन्या समृद्धी हे सारे पोस्ट विकते, पासबुके सांभाळते, आणि त्याबद्दल अर्थ मंत्रालय खात्यांच्या व व्यवहारांच्या संख्येवर मेहनताना देते. हा मेहनताना टपाल खात्याच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग आहे. तो दर कुणी ठरवायचा? पैसे देणाऱ्यानेच. गिऱ्हाईकच भाव सांगते, तर दुकान नफ्यात की तोट्यात हेही तेच ठरवणार.

या पैशाचे वजन राज्यकर्त्यांना नेमके ठाऊक आहे. 31 मार्च 2021 च्या संध्याकाळी अल्पबचतीचे व्याजदर एकदम उतरवणारा आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी तो नजरचुकीने निघाल्याचे सांगत मागे घेतला. पश्चिम बंगालमध्ये तेव्हा मतदान चालू होते, आणि अल्पबचतीत ते राज्य देशात आघाडीवर. जपानमध्ये तर याच विषयावर सरकार पणाला लागले होते. टपाल खासगीकरणाची विधेयके वरिष्ठ सभागृहात पडली म्हणून पंतप्रधान कोइझुमी यांनी 2005 मध्ये कनिष्ठ सभागृह विसर्जित केले, निवडणूक घेतली आणि दणदणीत जिंकलीही. तिथला वाद पत्रांचा नव्हताच, तो होता पोस्टात साठलेल्या अफाट ठेवींचा.

आपल्या कोकणाने हे अर्थकारण वेगळ्या बाजूने अनुभवले आहे. गिरणगावातला कामगार महिन्याच्या पगारातून मनिऑर्डर करायचा आणि रत्नागिरीकडच्या वाड्यांमध्ये चूल पेटायची. कोकणाला ‘मनिऑर्डरवर जगणारा’ म्हणून हिणवले गेले, पण तो पैसा घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणारी दुसरी यंत्रणा तेव्हा देशात नव्हती. बँका तिथे पोचल्या त्या फार नंतर.

या यंत्रणेच्या टोकाला जो माणूस उभा आहे, त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. देशातल्या एक लाख साठ हजारांवर डाकघरांपैकी नव्वद टक्के ग्रामीण, आणि त्यातली बहुतेक चालवतात ग्रामीण डाक सेवक. त्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास. टपाल खात्याचे ते नियमित कर्मचारी नाहीत. काम दिवसाला चार ते पाच तास धरलेले. 2018 च्या सुधारणेनंतर त्यांचा मूळ मोबदला दहा हजार ते साडेचौदा हजारांपासून सुरू होतो. केंद्रीय कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन नाही. शाखा डाकपालाने डाकघरासाठी जागा स्वतः द्यायची, म्हणजे बहुधा घराची ओटी किंवा पुढची खोली. आणि नियमातली सर्वांत बोलकी अट अशी की, या माणसाला उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच राजम्मा खटल्यात ही सरकारी नागरी पदे असल्याचे म्हटले होते. त्यानंतर तलवार समिती, नटराज मूर्ती समिती, कमलेश चंद्र समिती अशा समित्या आल्या. प्रत्येकीने थोडे पदरात टाकले, नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र मिळाला नाही. 2018 च्या मे महिन्यात हे सेवक देशभर संपावर गेले तेव्हा कुठे जूनमध्ये मंत्रिमंडळाने मोबदलावाढ मंजूर केली. पोस्टाचा तोटा पंधरा हजार कोटी म्हणताना हा हिशेब कुणी जोडत नाही. या सेवकांना पूर्ण पगार, जागेचे पूर्ण भाडे आणि निवृत्तिवेतन दिले असते तर आकडा किती झाला असता? म्हणजे खेड्यातल्या टपालाचे अनुदान आजही कुणीतरी देतेच आहे. अर्थसंकल्पात त्याचे नाव येत नाही, एवढेच.

जमेच्या बाजूलाही असेच. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत जाणणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने आखलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाली. आज प्रत्येक ई-कॉमर्स कंपनी, प्रत्येक कुरिअर, प्रत्येक बँक त्या सहा आकड्यांवर चालते. पोस्टाच्या वहीत त्यापोटी एक पैसा जमा होत नाही.

याचा अर्थ खाते निर्दोष आहे असा नाही. कुरिअरवाले ऐंशी-नव्वदच्या दशकात पत्रांना ‘कागदपत्रे’ म्हणत व्यापाऱ्यांची टपाले उचलत होते, तेव्हा पोस्ट खिडकीवरचा ‘भोजनाची वेळ’चा फलक सांभाळत बसले. सुब्रमणियन कार्यदलाने 2014 मध्ये खात्याच्या पाच वेगळ्या कंपन्या करण्याची सूचना केली. संघटनांचा विरोध आणि सरकारची उदासीनता यांत ती विरली. 2018 मध्ये पोस्टाची पेमेंट बँक तेवढी उभी राहिली, आणि तिला कर्ज देण्याची मुभाच नाही. कर्जाविना बँकेने कमवायचे कशावर?

दरम्यान टपालाचा 1898 चा कायदा जाऊन 2023 चा आला. विरोधी बाकांवरचे अनेक खासदार निलंबित असताना लोकसभेने 18 डिसेंबरला तो मंजूर केला. चर्चा झाली ती मुख्यतः टपाल उघडून पाहण्याच्या सरकारी अधिकारावर, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र पत्रवहनाचा सव्वाशे वर्षांचा एकाधिकार त्या कायद्यात गळून पडला, त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. कोणत्या गावात आठवड्यातून किती दिवस बटवडा झालाच पाहिजे, हेही त्यात कुठे नाही.

ब्रिटनने रॉयल मेल 2013 मध्ये शेअर बाजारात आणले. 2025 मध्ये तिथे दुसऱ्या वर्गाची पत्रे एक दिवसाआड वाटायचे ठरले. निर्णय वाईट असेल, पण तो घेण्याआधी नियामकाला जाहीर सल्लामसलत करावी लागली, कारण रोजच्या बटवड्याचे बंधन कायद्यात होते. आपल्याकडे त्याच वर्षी रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, ते खात्याच्या एका परिपत्रकाने. त्याआधी पुस्तकांच्या सवलतीचे रजिस्टर बुकपोस्ट 2024 च्या डिसेंबरात गुपचूप बंद झाले. प्रकाशकांची ओरड झाल्यावर मे 2025 मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आले, पण जाहिराती असलेल्या प्रकाशनांना त्यात जागा नाही. जाहिरातींविना दिवाळी अंक निघत नाही, तेव्हा हा अंक वर्गणीदारांकडे कोणत्या दराने पाठवायचा, हे संपादकांनी दरवर्षी खिडकीवरच जाऊन विचारायचे.