मातीचे येणे

सकाळचा स्वयंपाक उरकला की ओट्याच्या कोपऱ्यात एक छोटा ढीग उरतो. गाळणीतला चहाचा चोथा, वाटाण्याची टरफले, दुधीची साल, मेथीच्या काड्या. मेथीच्या मुळांना अजून थोडी माती चिकटलेली असते. ती पुरंदरची असेल, जुन्नरची असेल, नाशिककडची असेल. रात्रीच्या टेम्पोने ती भाजीबरोबर शहरात आली. त्या जमिनीतले नत्र, पालाश, गंधक, चुना पानापानांत चढले आणि पिशवीतून आपल्या घरात पोचले. भाजीचे पैसे आपण देतो. ते भाजीवाल्याला, अडत्याला, थोडेफार शेतकऱ्यालाही मिळतात. या सगळ्या व्यवहारात जमिनीचे येणे तेवढे बाकी राहते.

घरामागे उकिरडा असायचा तेव्हा हा हिशेब वेगळा मांडावा लागत नसे. कडबा गुरांनी खाल्ला, शेण उकिरड्यात गेले, चुलीची राख गेली, अंगणातला केर गेला, आणि मृगाच्या आधी सगळे गाडीत भरून रानात पसरले. शिवारातले शिवारात परतले. आता जुन्नरच्या मेथीच्या काड्या पुण्यामुंबईच्या कचऱ्यात जातात. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडला. ज्या गावांकडे माती परतायची, त्यांच्याकडे दुर्गंधी परतली, विहिरींचे पाणी नासले. मुंबईत 2016 च्या जानेवारीत देवनारचा डेपो पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. कचऱ्याच्या खोल ढिगाऱ्यात हवा पोचत नाही, मग आत मिथेन वायू साचतो आणि आगीला तो पुरतो.

त्याच काड्यांना हवा मिळाली तर सगळे वेगळे घडते. हवेवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधायला नत्र. पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र, असे प्रमाण त्यांना मानवते. ओल्या भाजीपाल्यात नत्र जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त, म्हणून दोन्ही एकत्र हवीत. ढीग पुरेसा मोठा असेल तर काही दिवसांत तो आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. थंडीतल्या पहाटे तो उकरला की वाफ निघते आणि आत हात धरवत नाही. त्या उष्णतेत तणांचे बी आणि रोगाचे बहुतेक जंतू मरतात. मग ढीग निवतो, बुरशी येते, गांडुळे येतात, आणि आकार निम्म्याहून खाली बसतो. शेवटी पहिल्या पावसात जमिनीला येतो तोच वास खताला येतो. मातीतले तंतुमय जिवाणू हा वास तयार करतात. खत झाले की नाही हे ओळखायला मी या वासाइतका भरवसा दुसऱ्या कशावर ठेवत नाही.

हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले गेले ते इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड 1905 साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून भारतात आले ते इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला. पुढे त्यांनी शेतकऱ्यांनाच, इतकेच काय पिकांवरच्या किडींनाही, आपले गुरू मानले. इंदूरच्या संस्थेत त्यांच्यासोबत यशवंत वाड हे रसायनतज्ज्ञ होते. शेतातल्या टाकाऊ मालाचे खत कसे करावे याचे दोघांचे पुस्तक 1931 साली निघाले. हॉवर्ड यांचे नाव जगभर गेले, वाडांचे नाव महाराष्ट्रातही फारसे कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. त्या पुस्तकातली एक युक्ती मला फार आवडते. कपाशीच्या पऱ्हाट्या इतक्या टणक की त्या लवकर कुजत नाहीत. इंदूरला त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात, मग गोठ्यात गुरांखाली अंथरल्या जात, आणि शेणमूत पिऊन खड्ड्यात जात. तिथे तीन वेळा चाळवले की तीन महिन्यांत खत तयार. यंत्र नाही, वेगळी मजुरी नाही. गाडी तशीही त्या रस्त्याने जाणारच होती.

पुढे विदर्भात, पुसदला, ना. दे. पांढरीपांडे यांनी दुसरी अडचण हाती घेतली. गुरे कमी झाली, शेण पुरेना. नाडेपकाका म्हणून ते ओळखले गेले. त्यांचे टाके विटांचे, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेली. आत काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर. सुमारे 1,400 किलो काडीकचऱ्याला शेण जेमतेम 100 किलो. वरून शेणमातीने लिंपायचे आणि तीन-चार महिने थांबायचे. एका टाक्यातून तीन टनांच्या आसपास खत निघते. शेण इथे विरजणापुरते; बाकी काम काडीकचरा, माती आणि भोकांतून येणारी हवा करते.

आता या खताबद्दल बोलताना खरे तेच सांगायला हवे. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात वीस किलोंहून अधिक नत्र असते. टनभर कंपोस्टात ते साधारण पाच ते दहा किलो. किलोला किलो लावून कंपोस्ट कधीच जिंकणार नाही, आणि त्या मापाने त्याची जाहिरात करणाऱ्यांनी शेतकऱ्याची निराशाच केली आहे. कंपोस्टाचे मोल वेगळ्या जागी आहे. त्यातला ह्यूमस मातीचे बारीक कण एकत्र बांधून रवाळ गोळ्या करतो. त्यामुळे काळी चिकण जमीन भुसभुशीत होते, मुळांना हवा मिळते; मुरमाड किंवा वाळूची जमीन पाणी धरून ठेवते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांना ह्यूमस धरून ठेवतो आणि ती पाण्याबरोबर सहजी वाहून जात नाहीत. म्हणजे रासायनिक खत घातले तरी ते पिकाला लागू पडायला जमिनीत सेंद्रिय कर्ब हवाच. मातीपरीक्षणाच्या अहवालात तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की कमी समजतात, आणि आपल्याकडच्या किती तरी जमिनींचा आकडा तसाच येतो. उष्ण हवामानात हा कर्ब झपाट्याने जळतो, म्हणून एकदा देऊन भागत नाही. दरवर्षी घालावा लागतो.

घाईही चालत नाही. अर्धकच्चे खत जमिनीत गेले की जिवाणू उरलेले कुजवण्यासाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्याही रानात जातात. उसाचे पाचट कुजवताना टनाला आठ किलो युरिया टाकायला सांगतात तो याचसाठी, की जिवाणूंना नत्र बाहेरून मिळावे. पाचट पेटवून देणे सोपे असते, पण त्या एका दुपारी हेक्टरमागे आठ-दहा टन सेंद्रिय माल शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत धूर होतो.

शहरात आपण टाके बांधू शकत नाही, पण गच्चीत किंवा बाल्कनीत भोके पाडलेली बादली ठेवता येते. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर तेवढाच किंवा दुप्पट वाळलेला पाला, सुरुवातीला मूठभर जुने खत, आठवड्यातून दोनदा वरखाली. मुठीत दाबले तर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. वास आला तर पाला वाढवावा, बस. शिजवलेले तेलकट अन्न आणि मासळी-मटण नवख्याने टाळावे, त्याने उंदीर येतात. अडचण एकच येते: पावसाळ्यात सगळे ओले असते आणि सुका पाला कुठेच मिळत नाही. माघ-फाल्गुनात मात्र रस्तोरस्ती पानगळीचे ढीग लागलेले असतात आणि झाडून एका कोपऱ्यात पेटवले जातात. सोसायटीतल्या झाडणाऱ्या मावशींना आत्ताच सांगून ठेवावे, की पाला जाळू नका, पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवा. चार-पाच पोती असली की एका घराचा पावसाळा निघतो.