श्वासाकडे पाहायला शिका



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मागे राहते म्हातारी आजी, आणि तिकडे वसतिगृहात शिकणारे पोर. परीक्षा येते ती नेमकी आईबाप फडात असताना! पोर रात्री पुस्तक उघडते. अक्षरे दिसतात, पण डोक्यात उतरत नाहीत. छाती धडधडते. नापास झालो तर उचल फेडणार कोण?

अशा मुलाला तथागतांनी काय सांगितले असते? पाली ग्रंथांत सोण भिक्खूची कथा आहे. श्रीमंताघरचा हा मुलगा राजगृहाजवळच्या सीतवनात इतका चालला की तळपाय फुटून रक्त आले. तरी चित्त स्थिर होईना. घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला तेवढेच आठवून दिले : तार फार ताणली तर सूर निघत नाही, ढिली सोडली तरी निघत नाही. आपल्या भीमशाहिरांना हे निराळे सांगावे लागत नाही. रात्र-रात्र जागून पोरे मात्र तार तुटेपर्यंत ताणतात.

उपाय साधा आहे. पहाटे वंदनेनंतर पंधरा मिनिटे ताठ बसा. आत येणारा, बाहेर जाणारा श्वास नुसता जाणा. मन फडावर, निकालावर पळेल. पळू द्या, पुन्हा श्वासावर आणा. हीच आनापानसती.

कुणी म्हणेल, गुरुजी, बुवाबाजी सोडून आपण बौद्ध झालो, आता हे काय? शंका रास्त आहे. पण यात मंत्र नाही, गंडादोरा नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत ईश्वरप्रणिधान आहे. आनापानसतीत ईश्वराला जागाच नाही. अंग मोकळे करायला आसने खुशाल करा, व्यायाम म्हणून. सम्यक् स्मृती मात्र आपल्या अष्टांगिक मार्गातलीच आहे.

आणखी एक. जातीवरून झालेला अपमान डोळे मिटून गिळा, असे मी मुळीच म्हणत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. ते दुःख केवळ श्वासाचे नव्हते. अन्यायाविरुद्ध तक्रार लिहावी, सोबती जमवावेत. शांत चित्ताने लिहिलेली तक्रार अधिक नेमकी होते, एवढेच.

आणि झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर ध्यानावर भिस्त ठेवू नका. डॉक्टरकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आयांनो, बापांनो, फडावरून रात्री पोराला फोन लावाल तेव्हा अभ्यास किती झाला हे मागाहून विचारा. आधी विचारा, बाळा, जेवलास का?