तो फोन ‘व्हायोलेट’ होता

बस. फोन टेबलावर ठेव आणि माझं पूर्ण ऐकून घे.

काल शिंदखेड्याहून तुझ्या वडिलांचा फोन आला होता, शेजाऱ्याच्या मोबाईलवरून. एवढंच विचारलं, “सर, मना फोन कवय चालू व्हई?” मला उत्तर देता आलं नाही.

जुन्या फोनवर लिनक्स टाकायला निघालास, यात माझी तक्रार नाही. कंपनीचे अपडेट थांबले म्हणून चांगला फोन भंगारात जाऊ नये, हे मीच वर्गात सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलने उबुंटू टच हे फोनसाठीचं लिनक्स सोडून दिलं, तेव्हा यूबीपोर्ट्सच्या लोकांनी ते उचललं आणि आजवर चालवलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसने तर फोन दहा वर्षं चालला पाहिजे असं ठरवलं. ही माणसं एकेका मॉडेलसाठी महिनोन्‌महिने खपतात. त्यांनी लिहून ठेवलेलं वाचायला तुला दहा मिनिटं मिळाली नाहीत?

रेडमी नोट ७ म्हणजे ‘लॅव्हेंडर’, त्यात स्नॅपड्रॅगन ६६०. नोट ७ प्रो म्हणजे ‘व्हायोलेट’, त्यात ६७५. दिसायला सारखे, म्हणून तू एकाची इमेज दुसऱ्यावर चढवलीस. ‘फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट’ एवढी एक ओळ टाकली असतीस, तर फोनने स्वतःच आपलं नाव सांगितलं असतं. इन्स्टॉलर तेच नाव तपासतो. तो अडला तेव्हा थांबायचं सोडून तू हाताने कमांड दिल्यास. का अडला, हा प्रश्नसुद्धा पडला नाही?

बूटलोडर अनलॉक व्हायला १६८ तास थांबावं लागलं ना? सात दिवस! दिवाळीची सगळी सुट्टी. अनलॉक केलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे पडद्यावर लिहून येतं. तरी बॅकअप नाही. मजुरांचे, जिनिंगवाल्याचे नंबर गेले. आजीचे फोटो गेले, ते आता कुठून आणशील?

बरं, सगळं सुरळीत झालं असतं तरी काय? वडिलांचं सिम जिओचं. जिओकडे टूजी नाही, थ्रीजी नाही. कॉल जातो तो व्होल्टीईवरूनच, आणि लिनक्स टाकलेल्या बहुतेक जुन्या फोनांवर व्होल्टीई चालत नाही. म्हणजे फोन लागलाच नसता. ई-पीक पाहणीचं ॲप काय, सीसीआयचं कपास किसान ॲप काय, अँड्रॉइड गेलं की त्या फोनवरून तीही गेली. कापूस घरात येऊन पडलाय आणि नोंदणी त्याच फोनवरून करायची होती. माझ्या कपाटात तीन बंद फोन पडलेत. एक मागितला असतास तर मी नाही म्हटलं असतं का?

“जुना होता” म्हणू नकोस. घरात दुसरा नव्हता.

आता कामाला लाग. फोन फास्टबूटला येतोय, म्हणजे तो वाचेल. व्हायोलेटची, भारताचीच, मूळ फास्टबूट रॉम उतरवून घे. शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये खाली ‘क्लीन ऑल अँड लॉक’ आधीच निवडलेलं असतं, ते बदल. चुकीच्या रॉमवर लॉक झाला तर मलाही काही करता येणार नाही. प्रत्येक पायरी आधी वहीत लिही, मला दाखव, मगच कीबोर्डला हात लाव.

फोन सुरू झाला की सुरत लाइनच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला जा. ॲप टाकून दे. वडिलांजवळ बसून एकेक नंबर विचारून भर. मग त्यांना त्याच फोनवरून मला कॉल करायला सांग. मी वाट बघतोय.