आवाजाची जागा

टीव्ही सपाट झाला आणि त्याचा आवाज मागे गेला. जुन्या संचात काचेमागे लांब नळी होती. तिच्यासाठी खोल पेटी लागे, आणि त्या खोलीत स्पीकरलाही जागा मिळे. त्याचे तोंड बहुधा माणसाकडे असे. आजचा पडदा दोन-चार बोटे जाडीचा. त्याचे स्पीकर खाली किंवा मागे वळवलेले. आवाज आधी भिंतीला भेटतो, मग माणसाला.

टीव्ही चित्र पाहून घेतला जातो. दुकानात आवाज ऐकता येत नाही. शेजारी आणखी संच चालू असतात. उणीव घरी कळते, तीही उशिरा. डोळ्याला कमी पडले तर माणूस लगेच तक्रार करतो. कानाला कमी पडले तर तो सवय लावून घेतो.

या सवयीमागे कानाचे विलक्षण कसब आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 100 ते 150 हर्ट्झच्या आसपास असतो. चिमुकल्या स्पीकरला तो नीट पेलत नाही. तरीही आवाज पुरुषाचाच वाटतो, कारण वरच्या सुरांवरून मेंदू खालचा हरवलेला सूर स्वतः रचून घेतो. नाही ते आहे असे मानून माणूस वर्षानुवर्षे राहू शकतो. मूळ सूर परत मिळतो तेव्हाच त्याला कळते, की तो इतके दिवस स्वतःच्याच पदरचे घालत होता.

विदर्भातल्या अर्जुनी मोरगावला पावसाळा आला की टीव्हीची ही उणीव लपत नाही. धानाचा हा मुलूख. टिनाच्या छपरावर सर कोसळते आणि बातम्या देणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. मग आवाज वाढवला जातो. वाढलेला आवाज पावसाला हरवत नाही. शब्द मात्र चिरडतो.

मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्याचे बळ स्वरांत असते, अर्थ बराचसा व्यंजनांत. स्वर खालच्या पट्टीत दणकट असतात. व्यंजने वर, हजार ते चार हजार हर्ट्झच्या टापूत, नाजूकपणे उमटतात. वय वाढते तसे कानातून आधी वरचेच सूर जातात. म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी बोलत असल्याचे ऐकू येते. काय बोलले ते कळत नाही. त्याच्याशी ओरडून बोलणारा स्वर वाढवतो. व्यंजने तिथेच राहतात. ओरडण्यात राग नसला तरी ऐकणाऱ्याला तो रागच वाटतो. ज्या घरात असा कोणी होता आणि आता नाही, त्या घराला हे वेगळे सांगावे लागत नाही.

टीव्ही असतो त्याच खोलीत बहुधा एक म्युझिक सिस्टीम पडून असते. कॅसेटचे दोन कप्पे, वर सीडीचे झाकण, दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या. कोणी तिला डेक म्हणतो. हौसेने घेतलेली, मग शोकेसमध्ये गेलेली, वर विणलेला रुमाल. कॅसेट संपल्या, सीडी संपल्या; पेट्यांतले कागदी पडदे अनेकदा अजून शाबूत असतात. टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून एक तार काढावी, तिची लाल आणि पांढरी पिन डेकच्या मागे लावावी, बटण ऑक्सवर आणावे. एवढ्याने माणसाच्या आवाजाला छाती येते. टीव्हीला हेडफोनचे छिद्र नसले आणि नुसता ऑप्टिकल मार्ग असला, तर मध्ये एक छोटी डबी लागते; ती अंकांचे पुन्हा विजेच्या लहरींत रूपांतर करते. पुष्कळ घरे नवीन साऊंडबारचे हप्ते मोजत असतात, आणि ज्याने काम झाले असते ते रुमालाखाली असते. घरात असलेल्या गोष्टीची किंमत माणसाला लवकर कळत नाही. माणसांच्या बाबतीतही नाही.

पण तार जोडून काम संपत नाही. जागा ठरवायची राहते, आणि जागेचा हा प्रश्न जुनाच आहे.

1931 हे वर्ष आपल्याकडे बोलपटाचे. 14 मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. पडदा बोलू लागला याचेच आश्चर्य इतके मोठे होते, की आवाज येतो कुठून हे विचारायला कोणाला सवड नव्हती. 1931 मध्येच लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाच्या तरुण अभियंत्याने ते विचारले. पत्नीबरोबर तो सिनेमाला गेला होता असे सांगतात. माणूस पडद्याच्या एका कडेला होता, आवाज दुसरीकडून येत होता. त्याला ते खटकले. बोलणाऱ्याचा आवाज बोलणाऱ्याच्या मागोमाग गेला पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह. डिसेंबर 1931 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो त्याचा पाया त्या अर्जात आहे. 1942 मध्ये रडारच्या चाचणीसाठी निघालेले विमान कोसळून तो गेला. वय 38. स्टीरिओ घरोघर पोचलेला त्याने पाहिला नाही. ज्याला एखादी गोष्ट खटकते आणि ज्याला तिचे सुख मिळते, ते दोघे क्वचितच एका काळात जगतात.

दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला, की दोन्हींच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून, माणूस बोलू लागतो. मात्र दीड वीत सरकले तरी एका पेटीचा आवाज जवळपास एक मिलिसेकंद आधी पोचतो. कान आधी आलेल्याला खरे मानतो. बोलणारा पडद्यावरून उठून जवळच्या पेटीत जाऊन बसतो. ती मधली जागा एका घरात एकालाच मिळते. ती कोणाला मिळते यावरून त्या घराची रीत कळते. बहुधा रिमोट हातात असलेला तिथे बसतो. ज्याला सर्वांत कमी ऐकू येते तो कडेला, खाटेवर असतो.

पेट्यांच्या मागे लाल आणि काळी अशा दोन तारा असतात. एका पेटीत त्या उलट लागल्या तर काही जळत नाही, बंद पडत नाही. प्रत्येक पेटी वेगळी ऐकली तर निर्दोष वाटते. एकत्र वाजल्या की एकीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. मधला माणूस नाहीसा होतो. दोष शोधणारा एकेक पेटी तपासतो आणि हात हलवत परत येतो. दोन भली माणसे एका घरात अशी राहिलेली पाहिली आहेत.

आवाजाची जागा काळातही असते. नवेगावबांधच्या तलावाकाठी दूर कोणी धुणे आपटत असले, तर हात आधी खाली येतो, आवाज मागून. शंभर मीटरवर हे अंतर सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढे असते. निसर्गात आवाज चित्राच्या मागे राहतो, पुढे कधीच जात नाही. म्हणून प्रसारणाचे आंतरराष्ट्रीय मापही एकतर्फी आहे: आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला ते जाणवते, मागे पडला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. उशीर माणूस सोसतो. शब्द ओठांच्या आधी आला की त्याचा विश्वास उडतो. तारेने जोडलेल्या डेकला ही अडचण सहसा येत नाही; ब्लूटूथने जोडलेला आवाज बरेचदा मागे रेंगाळतो.

या भागातल्या कानांना आवाजाची पारख नवी नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम लागतो. मंडळ्यांचे ठाणे वडसा. अर्जुनीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच पुढे. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री मंडपात नाटक, पहाट होईपर्यंत. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आता मंडपात माईक आहेत, भोंगेही. तरी नटाला शेवटच्या रांगेसाठी बोलावे लागते. तिकीट तिथल्या माणसानेही काढलेले असते, आणि शब्द कळला नाही तर तो गप्प बसत नाही. टीव्हीसमोर बसलेला म्हातारा गप्प बसतो. त्याला वाटते, दोष आपल्याच कानांचा.

तो दोष बराचसा मांडणीचा असतो. सिनेमाचे संवाद पाच दिशांच्या ध्वनीत मधल्या वाटेने येतात. दोनच पेट्या असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्टीरिओ किंवा पीसीएम निवडावे लागते. नाहीतर संगीत गरजते आणि माणसे पुटपुटतात. बासचे बटण मागे घ्यावे, ट्रेबल थोडे पुढे. पेटी कोपऱ्यात कोंबू नये. कोपरा खालचे सूर फुगवतो. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत, जमिनीवर नसावेत. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. अर्धा तास लागतो. आणि एक माणूस लागतो, जो खाटेजवळ बसून, आवाज न चढवता, प्रत्येक बदलानंतर विचारील की आताचे वाक्य काय होते, आणि उत्तर येईपर्यंत थांबेल.